जावासाठी बंगळुरूला जावं का? (स्वखर्चाने)

सिंहगडरोडकर | १० फेब्रुवारी, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज धागा काढायचं कारण जरा खाजगी आहे. वय ४४, जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर १९ वर्षं, त्यातली शेवटची ९ एकाच क्लायंटकडे. परदेशी विमा कंपनी आहे, तिची क्लेम सिस्टिम आम्ही सांभाळतो. म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळतात तशी. पडू द्यायचं नाही आणि फार हलवायचंही नाही. जावाची जुनी आवृत्ती ८, त्यावरचं स्प्रिंग हे तयार चौकटीचं सॉफ्टवेअर जुनंपुराणं, एका कोपऱ्यात त्याहून जुनं स्ट्रट्ससुद्धा आहे. त्या कोपऱ्यात दिवेलागणीनंतर कोणी जात नाही.

गेल्या महिन्यात आमच्याच कंपनीत दुसऱ्या प्रोजेक्टसाठी मुलाखत दिली. समोर तिशीतली मुलगी. तिने जावात नव्याने आलेल्या गोष्टी विचारल्या: रेकॉर्ड आणि साधा क्लास यात फरक काय, सील्ड इंटरफेस कुठे वापराल, व्हर्च्युअल थ्रेड कुठे वापरू नयेत. रेकॉर्ड म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर डेटाबेसमधली ओळ आली. ती अगदी आदराने बोलत होती, दर वाक्याला 'सर' म्हणत होती. तेच जास्त लागलं.

एप्रिलमध्ये बंगळुरूला एंटरप्राइज जावावाल्यांची तीन दिवसांची कॉन्फरन्स आहे. (नाव देत नाही, जाहिरात वाटायला नको.) कंपनीत विचारलं तर "बजेट फ्रीझ आहे". तिकीट, त्यावर १८ टक्के जीएसटी, जाणं-येणं, राहणं धरून ३५ हजारांच्या घरात जातंय. वर तीन रजा. बायको म्हणाली, "एवढ्यात चौघं गोव्याला जाऊन येऊ." मुद्दा बिनतोड आहे.

स्वतःच्या पैशाने कोणी गेलंय का? परत आल्यावर कामात काही फरक पडला, की नुसता टी-शर्ट मिळाला?

---

नागपुरी_नल | १० फेब्रुवारी, रात्री ११:१८

१९ वर्षं जावात काढली अन् आता विचारते जावं का म्हून! जा ना भाऊ. टी-शर्ट एक्सएल घेजो, इकडे पाठवजो.

---

खडूस_कोडर | १० फेब्रुवारी, रात्री ११:४१

सगळी भाषणं महिन्या-दोन महिन्यांत यूट्यूबवर येतात. फुकट. घरी चहा पीत बघा, कंटाळा आला की बंद करा. तिथे पाचव्या रांगेत मधोमध बसलात की उठताही येत नाही.

मी तीन वेळा गेलोय, कंपनीच्या पैशाने. ४५ मिनिटांच्या भाषणातली पहिली पाच मिनिटं वक्त्याचा परिचय, वीस मिनिटं तो जिथे काम करतो त्या कंपनीचं प्रॉडक्ट, दहा मिनिटं न चालणारा डेमो आणि उरलेल्या वेळात "वेळ संपत आलीय म्हणून पुढच्या स्लाइड्स पटकन". हल्ली तर प्रत्येक शीर्षकात एआय. परवा एका अजेंड्यात लॉगिंगवरचं भाषण होतं, त्यातही एआय.

३५ हजारांत चांगली खुर्ची घ्या. पुढची १९ वर्षं पाठ तरी धड राहील.

---

पंचकार्डवाले_काका | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

आमच्या वेळी कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाची अधिवेशनं व्हायची. संस्था १९६५ सालची. भाषणांचं जाडजूड छापील बाड मिळायचं, ते ऑफिसात आणून साहेबाच्या टेबलावर ठेवलं की शिक्षण पूर्ण. वाचत कोणी नसे.

मी मुंबईच्या सीप्झमध्ये कोबोल ही जुनी भाषा लिहायचो. नव्वदीच्या सुरुवातीला सगळे म्हणाले, काका, कोबोल संपलं, सी शिका. दोन महिने क्लास लावला. मग आलं वायटूके, म्हणजे सन २००० ची तारखेची अडचण. ज्यांनी ज्यांनी कोबोल टाकलं होतं ते परत हुडकत आले आणि मी दोन वर्षं अमेरिकेत तारखेच्या रकान्यात दोनाचे चार आकडे करत बसलो. घराचं कर्ज त्यातच फिटलं.

म्हणून म्हणतो, जुनं येतं याची लाज बाळगू नका. मात्र त्या मुलीने विचारलेलं शिकून घ्या. फार अवघड नसावं, तुम्हाला १९ वर्षं इंटरफेस लिहायची सवय आहे.

---

फ्राइट_आणि_भाकरी | ११ फेब्रुवारी, दुपारी १:३०

बेल्जियममधून लिहितोय, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडतो.

आमच्या इथे अँटवर्पला दर ऑक्टोबरात जावावाल्यांचं डेव्हॉक्स भरतं. आधी त्याचं नाव जावापोलिस होतं, २००८ साली डेव्हॉक्स झालं. गंमत म्हणजे ते भरतं सिनेमागृहात. किनेपोलिस नावाचं मोठं मल्टिप्लेक्स आहे, तिथल्या पडद्यावर कोड दिसतो. इतका मोठा की सेमिकोलन आपल्या डोक्याएवढा. खुर्च्या सिनेमाच्या, त्यामुळे जेवणानंतरच्या भाषणाला निम्मं थिएटर डुलक्या काढतं.

आठवडाभराचा कार्यक्रम असतो. पहिले दोन दिवस तीन-तीन तासांची सत्रं, एकच विषय खोलात. पुढचे तीन दिवस नेहमीची छोटी भाषणं. मी आता फक्त पहिल्या दोन दिवसांसाठी धडपडतो. तीन तासांत माणूस स्लाइड संपवून कोड लिहायला लागतो, मग चुकतो, मग ती चूक कशी शोधायची ते आपल्यासमोर दाखवतो. खरं शिक्षण तिथे होतं.

खडूस म्हणतात ते खरं आहे, इथलीही सगळी भाषणं यूट्यूबवर जातात. तरी तिकिटं निघाली की भराभर संपतात. हे लोक मूर्ख नाहीत. संध्याकाळी पाच-पंचवीस जण एका खोलीत जमतात, स्लाइड नाही, व्यासपीठ नाही, "आमच्याकडे जावा २१ वर गेल्यावर हे असं झालं, तुमच्याकडे?" असं सुरू होतं. ते कुठेच रेकॉर्ड होत नाही.

जाता जाता, ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं ते जावावन १९९६ पासून सॅन फ्रान्सिस्कोला भरायचं. २०१८ मध्ये त्याचं नाव बदलून ओरॅकल कोड वन केलं, २०२२ मध्ये जुनं नाव परत आणलं. जावाचे जनक जेम्स गॉस्लिंग तिथे लोकांत टी-शर्ट उडवायचे, त्यासाठी यंत्रं बनवायची स्पर्धासुद्धा होती. नागपुरी_नल, तुमची मागणी परंपरेला धरूनच आहे.

---

नागपुरी_नल | ११ फेब्रुवारी, दुपारी १:४४

पाहा! मी काही फालतू बोलत नसतो.

---

मुक्ता_बाणेर | ११ फेब्रुवारी, रात्री ९:२०

मी टेबलाच्या पलीकडे बसते, म्हणजे 'बजेट फ्रीझ' म्हणणाऱ्यांत. थोडं आतलं सांगते.

तिकिटाचे पैसे ही अडचण क्वचितच असते. अडचण असते तुमच्या तीन दिवसांची. तुम्ही बिलेबल आहात, तीन दिवस क्लायंटला बिल लागणार नाही, आणि ते कोणाच्या खात्यात टाकायचं हे ठरवायला कोणी तयार नसतं. त्यात तुम्ही फेब्रुवारीत विचारलंत. आर्थिक वर्ष संपत आलंय, प्रत्येक जण उरलेला आकडा सांभाळत बसलाय. कॉन्फरन्स एप्रिलमध्ये आहे ना? मग मार्चच्या शेवटी विचारा, खर्च नव्या वर्षात पडेल.

आणि "मला शिकायचंय" असं लिहू नका. वाईट वाटेल, पण ते वाक्य वरपर्यंत पोचत नाही. अर्ध्या पानात असं लिहा: आपली सिस्टिम जावा ८ वर आहे. जावा ८ वर चालणाऱ्या स्प्रिंग बूट २.७ चा फुकट सपोर्ट २०२३ मध्येच संपला. स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागतं. पुढच्या सिक्युरिटी ऑडिटला क्लायंट हे विचारणार. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या साधनात भगदाड निघालं तेव्हा आपण किती रात्री जागलो ते आठवा. मी अमुक तीन सत्रांना बसून मायग्रेशनचा (नव्या आवृत्तीवर जाण्याचा) कच्चा आराखडा घेऊन येतो.

तिकीट नाही मिळालं तरी निदान 'ऑन ड्यूटी' मागा. रजा वाचतील. मिळतं, मी स्वतः दिलंय.

---

खडूस_कोडर | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५२

@मुक्ता_बाणेर, म्हणजे खर्च त्याचा, आराखडा कंपनीचा. आणि ऑन ड्यूटी दिल्याबद्दल आभारही त्यानेच मानायचे. वा.

---

मुक्ता_बाणेर | ११ फेब्रुवारी, रात्री १०:०१

हो, अन्याय आहे. पण त्याने विचारलं होतं जावं का आणि कसं. कंपन्या न्यायी आहेत का हा वेगळा धागा काढा, मीही येईन तिथे.

---

राधिका_एबीएपी | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

सॅपवाली आहे (कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), जावातलं कळत नाही, पण दुखणं तेच. आमच्याकडे तर तारीख ठरलेली आहे. सॅपच्या जुन्या आवृत्तीचा, ईसीसीचा, नेहमीचा मेंटेनन्स २०२७ अखेर संपतो, त्यापुढे २०३० पर्यंत जादा पैसे मोजून. सगळ्यांनी नव्या एस/४हानावर यायचं. हे आलं २०१५ मध्ये, आणि मी २०१९ पर्यंत 'क्लायंट करेल तेव्हा बघू' म्हणत बसले होते.

बंगळुरूला सॅपच्या टेकएड कॉन्फरन्सला गेले तेव्हा पहिल्या दिवशी रडू यायचं बाकी होतं. मी पंधरा वर्षं असं लिहीत आले की डेटाबेसमधून सगळं उचलून आणायचं, मग आपल्या प्रोग्रॅममध्ये लूप फिरवून हिशेब करायचा. तिथे सांगत होते, हिशेब डेटाबेसलाच करू द्या, तुम्ही फक्त उत्तर आणा. म्हणजे घाऊक बाजारातून अख्खं पोतं घरी आणून निवडत बसण्यापेक्षा निवडलेलेच दाणे आणायचे. तत्त्व साधं, पण हात पंधरा वर्षांच्या सवयीचे.

मला उपयोग झाला तो हाताने करायच्या सत्रांचा. समोर मशीन, मार्गदर्शक मागे उभा, अडलं की हात वर. भाषणं मी पण नंतर घरी बघितली, त्यात खडूस यांचं बरोबर आहे. सिंहगडरोडकर, अजेंड्यात 'हँड्स-ऑन' लिहिलेलं किती आहे ते आधी बघा. एकही नसेल तर गोव्याला जा.

---

दोन_डबे | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

वरचे प्रतिसाद वाचून जरा चिडचिड झाली म्हणून लिहिते.

'संध्याकाळच्या गप्पा', 'रेकॉर्ड न होणारं' वगैरे छान आहे. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, सहाला पाळणाघर बंद होतं. गेल्या सहा वर्षांत मी एकदाही रात्रीच्या मुक्कामाने कुठे गेले नाही. मग खरं ज्ञान कॉरिडॉरमध्येच मिळतं हे ऐकलं की वाटतं, आम्ही मागेच राहायचं का?

मी काय केलं ते सांगते. टीममधल्या दोघींना धरलं. शनिवारी सकाळी सात ते साडेआठ, घरची मंडळी उठायच्या आत. एक भाषण आदल्या आठवड्यात प्रत्येकीने स्वयंपाक करता करता ऐकायचं (मी पावणेदोन पट वेगाने ऐकते, आता साधा माणूस बोलला की सावकाश वाटतो). शनिवारी ते ऐकायचं नाही, फक्त त्यातला कोड स्वतः टाइप करायचा. कॉपी-पेस्ट बंदी. मोडला की दुरुस्त करायचा. सात महिन्यांत जावा ८ नंतरचं जवळजवळ सगळं झालं: व्हार, टेक्स्ट ब्लॉक, रेकॉर्ड, सील्ड, नवा स्विच, व्हर्च्युअल थ्रेड. खर्च शून्य. एकीने त्या जोरावर नोकरी बदलली.

---

राधिका_एबीएपी | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:३२

@दोन_डबे, दंडवत. माझी मुलं मोठी झाल्यावरच मी गेले, हे लिहायला हवं होतं.

---

फ्राइट_आणि_भाकरी | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:००

तुमचं बरोबर आहे. मी एकटा राहतो, हे लक्षातच आलं नाही. तुमचा 'कॉपी-पेस्ट बंदी' नियम चोरतोय.

---

हिंजवडी_ट्रॅफिक | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४५

व्हर्च्युअल थ्रेड म्हणजे काय ते कोणी मराठीत सांगेल का? सगळे नाव घेतायत. मी अडीच तास पुलावर अडकलोय, वेळ आहे.

---

मुक्काम_पोस्ट_कोल्हापूर | १२ फेब्रुवारी, रात्री ८:३०

सांगतो, पण हॉटेलातलं उदाहरण घेऊन.

थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधलं एक काम पुढे नेणारा गडी. जुना थ्रेड म्हणजे असा वेटर, जो तुमची ऑर्डर घेतो, आत देतो आणि डोसा तयार होईपर्यंत खिडकीशीच उभा राहतो. दुसऱ्या टेबलाकडे बघत नाही. दोनशे गिऱ्हाइकं आली की दोनशे वेटर लागतात, आणि वेटर महाग, प्रत्येकाला पगार, राहायला जागा (वाचा: मेमरी). म्हणून आपण इतकी वर्षं मोजके वेटर ठेवून लोकांना बाहेर बाकावर बसवत आलो. त्याला म्हणायचं थ्रेड पूल.

व्हर्च्युअल थ्रेड म्हणजे प्रत्येक टेबलाची एक चिठ्ठी. चिठ्ठ्या लाखभर झाल्या तरी कागदाचाच खर्च. वेटर चारच. चिठ्ठी आत गेली की वेटर मोकळा, दुसरं टेबल घेतो. डोसा झाला की जो मोकळा असेल तो नेतो. तुमचा कोड मात्र जुन्यासारखाच सरळ, एकाखाली एक लिहायचा. हे जावा २१ मध्ये, सप्टेंबर २०२३ ला पक्कं झालं.

यात एक खोड होती. सिंक्रोनाइज्ड लिहिलेल्या भागात (जिथे एका वेळी एकालाच प्रवेश) चिठ्ठी अडकली तर वेटरही तिच्याबरोबर अडकून पडायचा. मार्च २०२५ च्या जावा २४ ने ते बहुतांशी सोडवलं. सप्टेंबर २०२५ ला २५ आलंय, ते लांब सपोर्टचं, त्यामुळे आता नव्याने उडी मारणाऱ्याने थेट तिकडे बघावं.

आणि कुठे वापरू नये? जिथे वेटर वाट बघतच नाही, स्वतःच चटणी वाटतोय. म्हणजे नुसती आकडेमोड. तिथे चिठ्ठ्या वाढवून चटणी लवकर होत नाही.

---

हिंजवडी_ट्रॅफिक | १२ फेब्रुवारी, रात्री ८:४१

अरे कसलं भारी! कळलं. भूकही लागली. अजून पुलावरच आहे.

---

पंचकार्डवाले_काका | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

हे आमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे जुन्या मोठ्या कॉम्प्युटरवर, सीआयसीएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं हो जवळजवळ. एक काम थांबलं की दुसरं पुढे. नाव वेगळं, डोसा तोच.

---

नागपुरी_नल | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

काकांनी सगळं आधीच करून ठेवलेलं असते, आपण उगाच कॉन्फरन्सला जाते.

---

मुक्काम_पोस्ट_कोल्हापूर | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

मूळ प्रश्नाबद्दल राहिलंच. मी गावात राहून काम करतो, एकटा. मला कॉन्फरन्सचा उपयोग वेगळाच झाला. आपल्याला जे येत नाही ते बाकीच्यांनाही येत नाही, हे कळलं. मला वाटायचं सगळं जग कुबरनेटिससारख्या नव्या साधनांवर गेलंय आणि मी एकटाच जुना टॉमकॅट सर्व्हर रिस्टार्ट करतोय. जेवणाच्या रांगेत मोठमोठ्या बँकांची माणसं भेटली, तीही टॉमकॅटच रिस्टार्ट करत होती. त्या रात्री शांत झोप लागली.

अवांतर: कॉन्फरन्सला मराठी शब्द काय? परिषद म्हटलं की ठराव मंजूर झाल्यासारखं वाटतं, संमेलन म्हटलं की अध्यक्षपदावरून वाद आठवतो.

---

खडूस_कोडर | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

जत्रा.

---

दोन_डबे | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:२६

+१. पाळणे आहेत, गर्दी आहे, हरवायला होतं आणि घरी येताना पिशवी भरलेली.

---

जुना_सन_वाला | १४ फेब्रुवारी, रात्री १०:५०

जत्रा शब्दावरून आठवलं. जावा बनवणाऱ्या सन कंपनीच्या काळात हैदराबादला सन टेक डेज व्हायचे. २०१० च्या जानेवारीत ओरॅकलने सन घेतली आणि पुढच्या वर्षी, मे २०११ मध्ये, तिथेच जावावन भरलं. हैदराबादचा मे. बाहेर भट्टी, आत एसीने हुडहुडी. आम्ही पुण्याहून रात्रभर बसने सहा जण गेलो होतो. एकाच खोलीत सहा, दोन जण गादी खाली टाकून. सगळ्यांना एकच प्रश्न होता, आता जावाचं काय होणार, पैसे लागणार का. वक्ते स्लाइडवर जावा ७ दाखवत होते आणि लोक माइक हातात घेऊन लायसन्सचं विचारत होते.

तिथे काय शिकलो त्यातलं काहीही आठवत नाही, प्रामाणिकपणे. पण त्या सहातल्या तिघांशी अजून बोलणं आहे, आणि माझ्या पुढच्या दोन नोकऱ्या त्यांच्यामुळे. हे ३५ हजारांच्या हिशेबात कुठे धरायचं ते तुम्ही ठरवा.

---

सिंहगडरोडकर | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मुक्ताताईंच्या सांगण्याप्रमाणे अर्धं पान लिहून ठेवलंय, मार्चअखेर पाठवतो. दोन_डबे यांचा शनिवारचा प्रयोग कालपासूनच सुरू केलाय, सोबतीला कोणी नाही, मुलगा नववीत आहे तो उठून बघून गेला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही पण ट्यूशन लावली?"

---

खडूस_कोडर | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

मुलगा हुशार आहे. खुर्चीचं मनावर घ्या.

---

सिंहगडरोडकर | २ मे, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. जाऊन आलो.

ऑन ड्यूटी मिळाली, तिकीट नाही. उद्यान एक्सप्रेसने गेलो, एका नातेवाइकाकडे राहिलो, त्यामुळे खर्च बराच खाली आला. गोवा दिवाळीत करायचं ठरलंय, ते लेखी घेतलं गेलंय.

पहिला दिवस वाया गेला. अगदी खडूस यांनी लिहिलं तसाच. सकाळचं मुख्य भाषण एआयवर, दुसरंही एआयवर, तिसऱ्यात डेमो चालला नाही. जेवणाची रांग चाळीस मिनिटं. संध्याकाळी नातेवाइकाकडे तोंड पाडून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी राधिकाताईंचं ऐकून फक्त हँड्स-ऑन धरलं. जुन्या आवृत्तीवरून वर यायची तीन तासांची कार्यशाळा. ओपनरीराइट नावाचं साधन आहे, ते कोडमधले ठराविक बदल आपोआप करून देतं. कोडमधली जुनी जावाएक्सची नावं बदलून जकार्ता करणं वगैरे, जे हाताने करायला आम्ही चार महिने धरले होते. अर्थात सगळं होत नाही. माझं अडलं एक्सएमएलवर. आमची सगळी क्लेम एक्सएमएल या मजकुराच्या ठरावीक साच्यातून येतात, त्यासाठी लागणारं जॅक्सबी जावा ८ मध्ये आतच होतं, ११ मध्ये काढून टाकलं. ते बाहेरून जोडायचं इतकं मला माहीत होतं, पण आमच्या जुन्या सर्व्हरमध्ये त्याची स्वतःची प्रत आहे आणि दोघांची मारामारी होते. शेजारी चेन्नईचा एक गृहस्थ बसला होता, बँकेत काम करतो, पन्नाशीचा. म्हणाला, "आम्ही सहा आठवडे याच्यावर घालवले." बॅग उघडली, लॅपटॉप काढला, कुठली फाइल कुठे आणि कुठल्या क्रमाने, सगळं दाखवलं. त्यातलं गोपनीय काही नव्हतं, नुसती डिपेंडन्सींची (बाहेरून जोडायच्या लायब्ररींची) यादी, ती त्याने टाइप करून मेल केली. यूट्यूबवर हे कोण टाकणार?

तिसऱ्या दिवशीचं सांगायला जरा लाज वाटते. व्हर्च्युअल थ्रेडवरचं भाषण झाल्यावर वक्त्याला बाहेर गाठलं. मी मनात इमले बांधले होते, आमची क्लेमची सेवा दुपारी बाराला कण्हते, व्हर्च्युअल थ्रेड लावले की पळायला लागेल. त्याला सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "डेटाबेसचा कनेक्शन पूल किती?" म्हटलं, वीस, म्हणजे एका वेळी डेटाबेसशी वीसच जोडण्या. तो नुसता हसला. माझ्या लगेच लक्षात आलं. कोल्हापूरकरांच्या हॉटेलात सांगायचं तर चिठ्ठ्या लाख असू द्यात, वेटर कितीही मोकळे असू द्यात, तवा एकच आहे. मी दोन महिने चुकीच्या ठिकाणी बघत होतो. परत आल्यावर पाहिलं तर रिपोर्टची एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, दर बारा वाजता कनेक्शन धरून बसायची. तिला दुसरीकडे हलवलं, इंडेक्स टाकला. जावा ८ वरच. कण्हणं थांबलं.

म्हणजे शिकायला गेलो व्हर्च्युअल थ्रेड आणि दुरुस्त केली क्वेरी.

मायग्रेशनचा आराखडा दिलाय, क्लायंटने आधी फक्त रिपोर्ट्सचा भाग जावा १७ वर न्यायला होकार दिलाय. २५ नको म्हणाले, त्यांच्या यादीत अजून १७ च आहे. टीमसाठी मी एक सत्र ठेवलं होतं, चार जण आले. पुढच्या वेळी वडापाव सांगितला, एकोणीस आले.

नागपुरी_नल, टी-शर्ट फक्त मीडियम उरले होते.

---

नागपुरी_नल | २ मे, रात्री १०:३४

मीडियम पाठवजो. पोराले होईल. हसून हसून पुरेवाट झाली वडापाववर.

---

मुक्ता_बाणेर | २ मे, रात्री ११:००

रिपोर्ट्सपासून सुरुवात, योग्य तुकडा निवडला. आता अप्रेझलच्या फॉर्ममध्ये हे सगळं लिहा. क्वेरीचं पण. 'लाज वाटते' हा भाग गाळून.

---

मुक्काम_पोस्ट_कोल्हापूर | ३ मे, सकाळी ७:३०

तवा मी लिहायला हवा होता. त्या दिवशी भूक लागली म्हणून घाईत संपवलं.

---

दोन_डबे | ३ मे, सकाळी ८:५०

शनिवारचं चालू आहे का? आम्हाला तिसरी हवीय, आमची एक नोकरी बदलून गेली ती आता वेळ देत नाही. ऑनलाइन या. सातला म्हणजे सातला.

---

सिंहगडरोडकर | ३ मे, सकाळी ९:१०

येतो. मुलाला सांगू नका, ट्यूशनला मुली आहेत म्हटल्यावर तोही बसेल. (विनोद आहे, घरी पण वाचतात.)

---

खडूस_कोडर | ३ मे, रात्री ११:५५

त्या चेन्नईवाल्याची डिपेंडन्सींची यादी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता येईल का? आमच्याकडेही जावा ८ च आहे. आणि तोच सर्व्हर.

---

सिंहगडरोडकर | ४ मे, सकाळी ७:०५

केलाय. सर्व्हरच्या लायब्ररीची फाइल आधी हलवा, मग बाकीचं. उलट केलंत तर सहा आठवडे.